फौज परत बोलवा, असं म्हणण्याचा हक्क

(नांदेड आणि लातूर इथल्या युवक अभ्यासवर्गांत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 



आजचा विषय मी निवडलेला नाही, तुमच्यापैकी एकाने निवडलाय. मागच्या बैठकीनंतर हातात एक चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं, ‘परदेशातल्या एखाद्या युद्धातून आपल्या देशाने फौज परत बोलवावी असं कुणी म्हटलं, तर तो देशद्रोह ठरतो का? आणि म्हणणारा मुसलमान असेल तर?’ चिठ्ठीवर नाव नव्हतं. ते का नव्हतं, हे या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देता येईल. घटनेचं कलम १९, विचारस्वातंत्र्य, वगैरे. ते सगळं खरं आहे. पण आपल्या देशाने हा प्रश्न एकदा प्रत्यक्ष हाताळलेला आहे, म्हणून मी तिथूनच बोलणार आहे. साल १९८७ ते १९९०, ठिकाण श्रीलंका. तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचा जन्म त्यानंतरचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. श्रीलंकेतून फौज परत आणली हे बरोबर झालं. पण निघताना मागे कोण राहतंय याची आपण नीट फिकीर केली नाही, आणि परत आलेल्या सैनिकांचीही केली नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि नागरिक म्हणून आपल्याला दोन्ही म्हणता आली पाहिजेत.

प्रश्न जुनाच आहे

श्रीलंकेकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. आपल्या भागातली माणसं दुसऱ्याच्या युद्धात मरायला गेली, हे १९८७ साली पहिल्यांदा घडलं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाच लाखांहून जास्त हिंदी माणसं पाठवली. त्यात लढणारे होते, तसेच ओझी वाहणारे, खेचरं हाकणारे, स्वयंपाकीही होते. १९१५-१६ मध्ये कूत अल-अमारा या गावात इंग्रजांची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. वेढा १४७ दिवस चालला. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असायच्या. म्हणजे मराठी बोलणारा हिंदू आणि मराठी समजणारा मुसलमान एकाच खंदकात उपाशी बसले होते. घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि ते खावं की नाही, या पेचात दोघेही पडले.

या सैन्याला सोडवण्यासाठी इंग्रजांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले. त्या हल्ल्यांत सुमारे तेवीस हजार माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला आतल्या सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. आकडे पुन्हा ऐका. तेरा हजार वाचवायला तेवीस हजार खर्ची पडले, आणि तेरा हजारही वाचले नाहीत. युद्धात एकदा पाऊल अडकलं की माणसं असा हिशेब करू लागतात. आधी इतके गेले, आता मागे कसं फिरायचं? हा युक्तिवाद लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

त्याच काळात बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या चारशेहून जास्त मुस्लिम सवारांनी तुर्कांविरुद्ध कूच करायला नकार दिला आणि ते लष्करी न्यायालयासमोर उभे राहिले. आपले दोन्ही जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचं आवाहन केलं होतं आणि आपलं घोडदळही इजिप्तच्या आघाडीवर धाडलं होतं. म्हणजे ‘मुसलमानांचं मत’ असं एकच काही तेव्हाही नव्हतं. एकीकडे हुकूम देणारा मुसलमान राजा, दुसरीकडे हुकूम नाकारणारा मुसलमान सवार.

मग १९२१ चं कराची. जुलै महिन्यात तिथे खिलाफत परिषद भरली. इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणं मुसलमानाला धर्माने निषिद्ध आहे, असा ठराव तिथे झाला. त्यावरून मौलाना मुहम्मद अली, शौकत अली, हुसेन अहमद मदनी, डॉ. सैफुद्दीन किचलू यांच्यावर खटला चालला आणि दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात शारदा पीठाचे शंकराचार्यही होते. ते निर्दोष सुटले. पुढे ऑक्टोबरात गांधीजी आणि इतर पुढाऱ्यांनी मुंबईहून जाहीरनामा काढला आणि सैन्याची नोकरी सोडायला सांगणं हा प्रत्येक हिंदी माणसाचा हक्क आहे, असं स्वतःच्या सहीने म्हटलं.

तेव्हा सरकार परकं होतं, आज ते आपण निवडलेलं आहे. म्हणून सैनिकांनी हुकूम मोडावा, असं आज मी कधीच म्हणणार नाही. स्वतंत्र देशात फौज लोकांनी निवडलेल्या सरकारचं ऐकते, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की सैनिकाला प्रश्न विचारता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने तो आपण विचारायचा असतो. फौज ही सरकारच्या हातातली आपली अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणं हा गुन्हा कसा होईल?

श्रीलंकेत आपण कसे गेलो

श्रीलंकेतल्या तमिळांवर अन्याय होत होता, यात शंका नाही. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत आणि इतरत्र तमिळांच्या कत्तली झाल्या. हजारो निर्वासित तामिळनाडूत आले. भारताने एका बाजूला तिथल्या तमिळ सशस्त्र गटांना मदत केली, दुसऱ्या बाजूला वाटाघाटीही चालू ठेवल्या. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. उत्तर आणि पूर्व प्रांत एकत्र येतील, त्यांना स्वायत्तता मिळेल, सशस्त्र गट हत्यारं खाली ठेवतील आणि त्यावर देखरेख करायला भारतीय फौज येईल, असं ठरलं. तिचं नाव शांतिसेना.

दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारत असताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. या फौजेचं तिथे कसं स्वागत होणार, याची ती पहिली खूण होती.

तमिळ टायगरांना, म्हणजे एलटीटीईला, करार मनापासून मान्य नव्हता. दोन-अडीच महिन्यांत सगळं फिसकटलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतता राखायला गेलेली फौज जाफन्यावर चाल करून गेली. ज्यांचं रक्षण करायला गेलो, त्यांच्यातल्याच सर्वांत बळकट गटाशी लढाई सुरू झाली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले.

या लढाईत महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्री होती, महार रेजिमेंट होती. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे ८ महार या पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागूनही ते लढले आणि तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तमिळ घरातला मुंबईकर, बाबासाहेबांच्या समाजाच्या नावाच्या पलटणीत, श्रीलंकेतल्या तमिळांच्या भूमीवर शहीद होतो. हिंदुस्थान काय चीज आहे, ते या एका माणसात दिसतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपली फौज शिरली, आणि डॉक्टर, नर्स, रुग्ण मिळून साठहून जास्त लोक मारले गेले. आतून टायगर गोळीबार करत होते, असं लष्कराच्या बाजूने सांगितलं गेलं. तिथले तमिळ आजही त्याला कत्तल म्हणतात. मेजर परमेश्वरन यांचं नाव आदराने घ्यायचं आणि रुग्णालयाचं नाव टाळायचं, हा इन्साफ नाही. रुग्णालयाचं नाव घ्यायचं आणि परमेश्वरन यांना विसरायचं, हाही नाही.

थांबायचं की निघायचं

एक वेळ अशी आली की सत्तर हजारांहून जास्त भारतीय सैनिक त्या बेटावर होते. सिंहली तरुणांची जेव्हीपी ही संघटना ‘परकी फौज चालती व्हा’ म्हणत रस्त्यावर रक्त सांडत होती. तमिळ टायगर जंगलातून लढत होते. इकडे तामिळनाडूत लोक विचारत होते, आपलीच फौज आपल्याच भाषेच्या लोकांना का मारतेय? १९८९ च्या सुरुवातीला प्रेमदासा श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १ जूनला त्यांनी जाहीरपणे सांगितलं की २९ जुलैपर्यंत भारतीय फौज गेली पाहिजे. शिवाय त्यांनी गुपचूप टायगरांनाच शस्त्रं पुरवली. ज्या सरकारच्या विनंतीवरून आपण गेलो, तेच आपल्या सैनिकांवर रोखलेल्या बंदुकांना दारूगोळा देत होतं.

तेव्हा केंद्रात नांदेडचे शंकरराव चव्हाण अर्थमंत्री होते, आणि लातूरचे खासदार शिवराज पाटीलही सरकारात मंत्री होते. तेव्हा हा प्रश्न कुठल्यातरी दूरच्या बेटाचा होता, असं समजू नका. निर्णय घेणाऱ्या सरकारात आपल्या दोन्ही जिल्ह्यांची माणसं बसलेली होती.

फौज तिथेच ठेवावी, असं म्हणणारे सगळे मूर्ख किंवा रक्तपिपासू नव्हते. त्यांचे चार मुद्दे होते आणि ते नीट ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला मुद्दा, इतके जवान शहीद झाले, आता मागे फिरलो तर त्यांचं बलिदान वाया जाईल. दुसरा, देशाची इज्जत जाईल. तिसरा, आपण निघालो की त्रिंकोमालीच्या बंदरावर दुसरी एखादी मोठी सत्ता डोळा ठेवेल. चौथा, ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवून प्रांतिक सरकार चालवलं, त्यांना टायगर जिवंत सोडणार नाहीत.

पहिल्या मुद्द्याला कूतचं उत्तर आहे. गेलेला जवान परत येत नाही. त्याच्या नावावर आणखी एक पाठवला की बलिदान सार्थकी लागत नाही, शवपेट्या तेवढ्या वाढतात. शहीदाचा मान ठेवायचा असेल तर त्याची बायको, त्याची मुलं यांच्याकडे बघा. त्याचं नाव पुढच्या हल्ल्याचं कारण म्हणून वापरू नका.

दुसरा मुद्दा इज्जतीचा. घरमालकाने ‘निघा’ म्हटल्यावर घरात बसून राहण्यात कसली इज्जत? हे आपल्या गावाकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. दुसऱ्या देशात फौज ठेवण्याला त्या देशाची संमती हा एकच सभ्य आधार आपल्याकडे होता. तो गेला तेव्हा आपण पाहुणे राहिलो नाही.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं. पण बंदराची काळजी परराष्ट्र धोरणाने, व्यापाराने, शेजारधर्माने घ्यायची असते. तिथल्या दोन्ही समाजांना नकोशी झालेली फौज ते बंदर किती दिवस राखणार होती?

चौथा मुद्दा मात्र खरा होता. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

या चारही मुद्द्यांपलीकडे एक साधा प्रश्न उरत होता. आपण नेमकं काय मिळवलं म्हणजे काम संपलं असं म्हणणार? १९८७ मध्ये उत्तर होतं, हत्यारं गोळा करायची. मग ते झालं, टायगरांना वाटाघाटीला आणायचं. मग प्रांतिक निवडणूक घ्यायची. मग निवडून आलेलं सरकार टिकवायचं. दर सहा महिन्यांनी उद्दिष्ट बदलत होतं. ज्या युद्धाचा शेवट कसा ओळखायचा हे सांगता येत नाही, त्यातून बाहेर पडण्याची तारीख ठरवावीच लागते. नाहीतर ती कधीच येत नाही.

सप्टेंबर १९८९ मध्ये दोन्ही सरकारांनी संयुक्त निवेदन काढलं. लढाई थांबवायची आणि वर्षअखेरपर्यंत फौज काढून घेण्याचा प्रयत्न करायचा, असं ठरलं. नोव्हेंबरात लोकसभा निवडणूक झाली. नांदेडमधून जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काबदे निवडून आले, लातूरने शिवराज पाटलांनाच ठेवलं. श्रीलंका हा आपल्याकडच्या मतदानाचा मुद्दा होता, असं मी म्हणत नाही. तेव्हा बोफोर्स गाजत होतं. पण सरकार बदललं, व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले आणि त्यांनी माघार पूर्ण केली. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी निघाली. जवळजवळ १,२०० सैनिक परत आले नाहीत. सुमारे तीन हजार जखमी होऊन आले.

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे बघा. ‘फौज परत बोलवा’ असं तेव्हा कोण म्हणत होतं? द्रमुक म्हणत होता, विरोधी पक्षातले बरेच लोक म्हणत होते, आणि पुढे देशाच्या पंतप्रधानानेच ते करून दाखवलं. तेव्हा ही मागणी देशद्रोह नव्हती. मागणी तीच असेल, तर म्हणणाऱ्याचं नाव बदलल्याने ती देशद्रोह होत नाही.

मागे कोण राहिलं

आता तो चौथा मुद्दा.

फौज निघण्याच्या आधी, १९८९ मध्ये, तिथल्या प्रांतिक सरकारने स्वतःची एक सेना उभी केली. पोरांना घरातून, रस्त्यावरून उचलून तिच्यात घातलं. भारताचा त्याला आधार होता. हातात बंदूक दिली, आणि काही महिन्यांत आपण निघालो. टायगरांनी त्या पोरांचं काय केलं असेल, ते सांगायला नको. प्रांतिक सरकारचे प्रमुख वरदराज पेरुमल जीव वाचवून भारतात आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ आणि त्यांचे साथीदार जून १९९० मध्ये मद्रासमध्ये, आपल्याच भूमीवर, मारले गेले.

आणि मुसलमान. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण आपल्याकडे तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. श्रीलंकेच्या उत्तर आणि पूर्व भागातला मुसलमान तमिळ बोलतो. भाषा शेजाऱ्याची, धर्म वेगळा. तुम्ही-आम्ही मराठी बोलतो, अगदी तसंच. १९८७ च्या करारात दोन प्रांत जोडायचे ठरले, तेव्हा पूर्वेत मोठ्या संख्येने राहणाऱ्या या मुसलमानांना कुणी टेबलावर बसवलं नाही. दिल्ली आणि कोलंबो बोलले, त्यांचं भवितव्य ठरलं.

फौज गेली. जूनमध्ये श्रीलंकेचं सैन्य आणि टायगर यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं. ३ ऑगस्ट १९९० रोजी पूर्वेकडच्या कात्तानकुडी गावात इशाच्या नमाजाच्या वेळी दोन मशिदींत गोळीबार झाला, शंभरहून जास्त नमाजी मारले गेले. ऑक्टोबरात टायगरांनी उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुसलमानांना निघून जायला सांगितलं. जाफना शहरात ३० ऑक्टोबरला भोंग्यावरून पुकारा झाला, की सगळ्यांनी उस्मानिया कॉलेजच्या मैदानावर जमा. तिथे त्यांना दोन तास देण्यात आले. घर, दुकान, दागिने सगळं मागे ठेवून, अंगावरच्या कपड्यांनिशी आणि थोड्याशा पैशांनिशी निघायचं. उत्तरेतून सत्तर हजारांहून जास्त मुसलमान असे बाहेर पडले. पुत्तलम भागातल्या छावण्यांत कित्येकांच्या दोन पिढ्या वाढल्या.

नांदेड-लातूरच्या माणसाला हे ऐकताना काही वेगळं वाटतं. १९४८ च्या सप्टेंबरात काय झालं, हे आपल्या घरांत हळू आवाजात सांगितलं जातं. आधी रझाकारांनी हिंदू गावांवर जुलूम केले, मग त्याचा सूड निःशस्त्र मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. ते परदेशी युद्ध नव्हतं, म्हणून त्यात मी आज जास्त शिरत नाही. एवढंच सांगतो, की एक सत्ता जाते आणि दुसरी अजून बसलेली नसते, त्या मधल्या दिवसांत सर्वांत आधी कोण चिरडलं जातं, हे आपल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही.

मग आपली फौज तिथेच राहिली असती, तर हे टळलं असतं का? काही काळ कदाचित. पण फौज किती वर्षं राहणार होती? दहा? वीस? श्रीलंकेतलं ते युद्ध मे २००९ पर्यंत चाललं. निघणं भागच होतं. चूक निघण्यात नव्हती. निघताना दुबळ्यांच्या सुरक्षेची हमी मागितली नाही, ज्यांच्या हातात बंदुका दिल्या त्यांना बाहेर काढायची नीट सोय केली नाही, आणि जे टेबलावर नव्हते त्यांना शेवटपर्यंत टेबलावर बोलावलं नाही. म्हणून माझं सांगणं असं, की ‘फौज परत बोलवा’ म्हणणाऱ्याने त्याच श्वासात ‘मागे राहणाऱ्यांचं काय’ हेही विचारलं पाहिजे. पहिलं वाक्य म्हणून दुसरं गिळलं, तर आपणही सोयीचंच बोललो.

परत आलेल्या सैनिकांचीही तीच गत. मार्च १९९० मध्ये जहाजं मद्रासला लागली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आपल्या तमिळ बांधवांना मारणाऱ्या फौजेचं स्वागत कसं करू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं दुःख समजतं, पण राग चुकीच्या माणसावर निघाला. जाफन्याला जायचं की नाही, हे त्या जवानाने ठरवलं नव्हतं. कंधार तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांशी माझं याविषयी बोलणं झालंय. गावात कारगिलवाल्याला पंधरा ऑगस्टला बोलावतात, श्रीलंकेहून आलेल्याला कुठे गेला होतास असंही कुणी विचारत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. शांतिसेनेतल्या शहीदांचं स्मारक कोलंबोत उभं राहिलं, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक अजून व्हायचं होतं. ते २०१९ मध्ये झालं.

विचारायची खरी वेळ

फौज परत आणण्यापेक्षा ती न पाठवणं नेहमीच सोपं असतं. हा धडा आपण एकदा नीट गिरवला. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. एप्रिलमध्ये आपल्या संसदेने त्या कारवाईची निंदा करणारा ठराव केला आणि तिथल्या फौजा लवकर मागे घ्याव्यात, अशी मागणी केली. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं, एक पूर्ण डिव्हिजन, सुमारे सतरा हजार जवान. सरकारात त्यावर बराच खल झाला. काहींना ही मोठी संधी वाटत होती. शेवटी १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने ठरवलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना भारत इराकमध्ये फौज पाठवणार नाही.

काँग्रेसचा विरोध होता, डाव्यांचा होता, अनेक निवृत्त सेनाधिकाऱ्यांचाही होता. मुसलमानांचाही होता. पण तो ‘मुसलमानांचा प्रश्न’ म्हणून मांडला गेला असता, तर बहुधा हरला असता. तो देशाच्या हिताचा आणि न्यायाचा प्रश्न म्हणून मांडला गेला, आणि भाजपच्या पंतप्रधानाने तो मान्य केला. कूतच्या त्याच भूमीवर आपली पोरं पुन्हा गेली नाहीत. कितीतरी घरांतली आई त्या निर्णयामुळे निवांत झोपली, आणि तिला ते कळलंही नाही.

आणि आजची गोष्ट. रशिया-युक्रेन युद्धात भारताची फौज नाही, पण भारताची पोरं होती. सुरक्षारक्षकाची, मदतनीसाची नोकरी सांगून एजंटांनी तरुणांना रशियात नेलं आणि ते आघाडीवर पोचले. मार्च २०२४ मध्ये हैदराबादचा एक तरुण तिथे मारला गेल्याचं कळलं. कलबुर्गीच्या पोरांच्या घरच्यांनी सरकारकडे धाव घेतली, आणि कलबुर्गी तर आपल्या शेजारीच. पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं, की अशी १२६ प्रकरणं आहेत, त्यातले ९६ परत आले, १२ मारले गेले आणि १६ बेपत्ता आहेत. ‘आमची पोरं परत आणा’ असं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. कुणी कुणाला देशद्रोही म्हटलं नाही.

आता तुम्ही काय करायचं? तीन कामं सांगतो.

पहिलं. आपल्या घटनेत परदेशात फौज पाठवायला संसदेची मंजुरी घ्यावी लागत नाही, सरकार स्वतःच्या अधिकारात ठरवू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यापलीकडे कुठे फौज जाणार असेल, तर संसदेत चर्चा आणि मतदान झालं पाहिजे, आणि परत कधी व कशी यायची हे त्याच दिवशी सांगितलं पाहिजे. आपल्या खासदाराला पत्र लिहा, सही करा, खाली पूर्ण नाव-पत्ता घाला. पुढच्या वेळची चिठ्ठी मला नावासकट हवी आहे.

दुसरं. नांदेडला आणि लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे जा, श्रीलंकेत जाऊन आलेले माजी सैनिक आपल्या तालुक्यांत कोण आहेत, याची चौकशी करा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी मराठीत आणि उर्दूत नोंदवून ठेवा. ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. युद्ध कसं असतं, हे त्यांच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही. ‘युद्ध नको’ म्हणणाऱ्या पोरांनी सैनिकाच्या ओट्यावर बसून त्याचं ऐकलं, तर गावातल्या अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

तिसरं. पहाटे आपल्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी पोरं तुम्ही रोज बघता. शेतकऱ्यांची, मजुरांची, आपल्या मोहल्ल्यांतलीही. फौज कुठे पाठवायची यावर दिल्लीत चर्चा होते, तेव्हा पाठवलं जाणारं पोर हे असतं. त्यांच्याशी दोस्ती करा. परदेशातल्या नोकरीच्या नावाने कुणी एजंट घरी आला, तर करारावर सही करण्याआधी तो कागद कुणा जाणत्याकडून वाचून घ्या.

चिठ्ठी लिहिणारा आज इथे असेल, तर त्याला माझं उत्तर असं. फौज परत बोलवा, असं म्हणण्याचा हक्क तुला आहे, कारण ती फौज तुझीही आहे. आणि ती तुझी आहे म्हणूनच तिचा मान राखून, तिने ज्यांना मागे सोडलं त्यांची आठवण ठेवून बोलण्याची जबाबदारीही तुझी आहे.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.